कायद्याचे शब्द सैल, नागरिकांची जीभ बांधलेली

गोरेगावच्या बाजारात धानाचा व्यवहार करणाऱ्या कोणाही गृहस्थास आम्ही प्रथम एक साधा प्रश्न विचारतो. आधारभूत किमतीच्या सरकारी खरेदी केंद्रावर धान नेले असता त्यातील ओलावा यंत्राने मोजतात, आणि तो शेकडा १७ च्या आत असेल तर माल घेतात. समजा, उद्या हा १७ चा आकडा नियमातून काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘ज्या धानाचा कल ओलसरपणाकडे आहे ते परत पाठवावे’ एवढेच लिहिले, तर काय होईल? ज्याची ओळख आहे त्याचे भिजलेले धानही कोरडे ठरेल, आणि ज्याने मागील हंगामात चुकाऱ्यास उशीर झाल्याबद्दल चार शब्द सुनावले असतील त्याचे वाळवून खडखडीत केलेले धानही ओले ठरेल. यंत्र तेच, केंद्र तेच, मोजणारा मनुष्यही तोच. परंतु माप गेले आणि मर्जी आली. व्यापाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. तागडीस पासंग आहे की नाही हे तो माल घालण्यापूर्वी पाहतो. मग ज्या कायद्याने आपले बोलणे, लिहिणे व चारचौघांनी एकत्र जमणे तोलले जावयाचे, त्या कायद्याच्या तागडीस पासंग आहे की नाही हे तपासण्याची आपणांस सवड का नसावी?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण वाचकांस ठाऊकच आहे. ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ या नावाचा मसुदा जुलै २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला, त्याच वर्षी डिसेंबरात तो पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे सोपविण्यात आला, आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने व दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने तो संमत केला. समितीकडे लोकांच्या १२,००० हून अधिक सूचना व हरकती गेल्या होत्या. म्हणजे जनता अगदीच निजलेली होती असे नाही. समितीने काही सुधारणा केल्या हेही आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. कायद्याचा रोख कडव्या डाव्या व तत्सम संघटनांवर आहे असे स्पष्ट करण्यात आले, सल्लागार मंडळाच्या रचनेत न्यायाधीशांस अधिक स्थान मिळाले, आणि तपासाचे काम वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे देण्यात आले. तथापि विधानसभेत हे विधेयक आवाजी मतदानाने पार पडले, व त्यास तेथे उभा राहून विरोध करणारा आवाज मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकट्या सदस्याचा होता. त्या पक्षाची मते आमची नाहीत. पण ज्या घरात शंभराहून अधिक माणसे बसली आहेत तेथे हरकत घेण्याचे काम एकावरच पडावे, ही गोष्ट त्या घरास भूषणावह नाही.

आता मूळ शब्दांकडे वळू. ‘बेकायदेशीर कृत्य’ कशास म्हणावे याची जी व्याख्या मसुद्यात केली आहे, तिच्यात हिंसेचा, तोडफोडीचा व शस्त्रे वापरण्याचा उल्लेख आहे. त्याविषयी कोणा शहाण्या मनुष्याची तक्रार असणार नाही. परंतु त्याच व्याख्येच्या पोटात आणखी काही गोष्टी येऊन बसल्या आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था राखण्यात किंवा कायद्याच्या अंमलबजावणीत व त्यासंबंधीच्या संस्था आणि कर्मचारी यांच्या कामात जे कृत्य हस्तक्षेप करते ते तर बेकायदेशीरच, पण ज्याचा हस्तक्षेपाकडे ‘कल’ आहे तेही बेकायदेशीर. प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही त्यातच. आणि हे सारे प्रत्यक्ष कृतीने झाले पाहिजे असे नाही; बोललेल्या शब्दांनी, लिहिलेल्या शब्दांनी, खुणेने किंवा चित्राने झाले तरी पुरे. शिक्षा दोन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतची, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र.

येथे कोणी कायदेपंडित आम्हांस अडवून म्हणेल की, शिक्षा होते ती सरकारने बेकायदा ठरविलेल्या संघटनेच्या संबंधात; सामान्य नागरिकाने भिण्याचे कारण काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. संघटना बेकायदा ठरवावयाची ती कोणत्या मापाने? याच व्याख्येच्या मापाने. चुकारे थकले म्हणून तहसील कचेरीपुढे आठ दिवस ठाण मांडून बसणारी शेतकऱ्यांची मंडळी, वनहक्काच्या दाव्यासाठी मोर्चा आणणारी आदिवासींची समिती, कारखान्याच्या दारात उभा राहणारा कामगारसंघ, यांपैकी कोणाच्या वागण्याचा ‘कल’ कर्मचाऱ्यांच्या कामात हस्तक्षेपाकडे नाही असे छातीस हात लावून सांगता येईल? धरणे म्हणजेच मुळी कामात थोडा अडथळा. उद्या अशी संघटना बेकायदा ठरली, की तिला पाच रुपयांची वर्गणी देणारा दुकानदारही त्या जाळ्यात आला. १९३० च्या जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तेव्हा त्यांनी प्रस्थापित कायद्याची अवज्ञा केली आणि लोकांनीही ती करावी असेच सांगितले. वऱ्हाडातील लहान मुलासही त्याचा अभिमान वाटतो. ज्या व्याख्येत आपले वंदनीय पुरुष आरोपी म्हणून सहज बसतात, ती व्याख्या करणाऱ्याच्या हातून काहीतरी चुकले आहे असे म्हणावयास नको काय?

सैल शब्दाचा फास कसा आवळतो हे महाराष्ट्रास कोणी नव्याने शिकवावे असे नाही. १८७० साली इंडियन पिनल कोडात १२४-अ हे कलम घातले गेले. त्यात सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे हा गुन्हा ठरविला होता. अप्रीती म्हणजे काय? १८९७ साली लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले की अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! नऊ ज्यूरांपैकी सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोषी म्हटले, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लगेच पुढील वर्षी तो विस्तृत अर्थ कायद्याच्या मजकुरातच बसविण्यात आला. १९०८ साली त्याच कलमाने त्यांस सहा वर्षांसाठी मंडालेस पाठविले. स्वराज्य आले, राज्यघटना आली, तरी ते कलम गेले नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह यांच्या प्रकरणात त्याचा अर्थ आवळून हिंसेच्या चिथावणीशी व अव्यवस्था माजविण्याशी जोडला; मे २०२२ मध्ये त्याचा अंमल स्थगित केला; आणि १ जुलै २०२४ रोजी जुना कोडच गेला तेव्हा ते गेले, तेही नव्या संहितेत कलम १५२ च्या रूपाने काही शेष मागे ठेवून. एक सैल शब्द कायद्यात शिरण्यास एक दुपार पुरते. तो निघण्यास दीडशे वर्षे लागली.

परके सरकार होते म्हणून असे झाले, असे समाधान करून घेण्याचीही सोय नाही. २५ जून १९७५ च्या रात्री जी आणीबाणी पुकारली गेली ती आपल्याच लोकांनी निवडलेल्या सरकारने पुकारली, आणि तिचा आधार घटनेच्या ३५२ व्या कलमातील दोन शब्द होते: ‘अंतर्गत अशांतता’. अशांतता केवढी झाली म्हणजे पुरे, हे त्या शब्दांत कोठेही नव्हते. त्या दोन शब्दांच्या फटीतून वृत्तपत्रांवरील सेन्सॉर आला आणि हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. त्या वर्षाच्या अखेरीस कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानी असलेल्या दुर्गाबाई भागवत यांनी स्पष्ट शब्दांत विरोध केला, व पुढे त्यांसही तुरुंग पाहावा लागला. स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांचे दरवाजे ठोठावले. आमच्या या भागातील फिर्यादी ज्या पीठापुढे जातात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने इतर अनेक उच्च न्यायालयांप्रमाणेच त्यांची दाद ऐकता येईल असे म्हटले, ही गोष्ट विदर्भाने विसरू नये. परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला की, आणीबाणी चालू असेतोवर स्थानबद्धास आपल्या अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्या खटल्यास नाव मिळाले ते येथून फार लांब नसलेल्या जबलपूरचे. सुनावणीत सरकारच्या वकिलास विचारण्यात आले की, एखाद्या पोलिसाने खासगी वैरातून मनुष्य मारला तरी काही उपाय नाही काय? आणीबाणी आहे तोपर्यंत नाही, असेच उत्तर आले. सैल शब्दाचा रस्ता कोठवर जातो हे या उत्तरावरून कळते. सुरुवात वृत्तपत्राच्या एका रकान्यापासून होते आणि शेवट मनुष्याच्या प्राणाशी होतो.

जानेवारी १९७७ मध्ये खन्ना यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. पण राष्ट्राने त्यांचे म्हणणे उशिरा का होईना ऐकले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून तेथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असे ठरविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरविला. या दुरुस्तीचे मर्म वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. राज्यकर्त्यांनी सज्जन व्हावे अशी प्रार्थना करून लोक थांबले नाहीत. त्यांनी सैल शब्द उपटून नेमका शब्द लावला. हाच आमचा आजचा मुद्दा आहे.

‘सरळ माणसास भय कसले?’ असे म्हणणारांसाठी आणखी एक अलीकडचे उदाहरण देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका थोर नेत्याच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने हे बंद कशासाठी, अशा आशयाचा प्रश्न समाजमाध्यमावर लिहिला व दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींस अटक झाली, आणि जमावाने एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची नासधूस केली. ज्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाचा यात आधार घेतला गेला, त्यात ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’ अशी विशेषणे होती. कोणास केव्हा कशाचा त्रास होईल याचा काही नियम आहे काय? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, व त्यातील शब्दांचा मोघमपणा हे त्याचे एक मोठे कारण होते. त्या मुली सरळच होत्या. सैल कायद्याने पोलिसांस दार उघडून दिले व जमावास धीर आला, एवढाच त्यातील बोध.

आता दुसरी बाजू. नक्षली हिंसा हे कल्पनेतील भूत आहे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. म्हटले तर गोंदिया जिल्ह्यातच आमचे कोणी ऐकणार नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या बाजूच्या जंगलपट्ट्याने आणि शेजारच्या गडचिरोलीने काय भोगले आहे हे आम्ही जाणतो. त्या हिंसेत पोलीस मेले, आदिवासी गावकरी मेले, शाळा व रस्ते अडले. जो मनुष्य बंदुकीच्या जोरावर गावास गप्प बसवितो तोही हुकूमशहाच आहे, आणि त्यास शासन झालेच पाहिजे. परंतु त्यासाठी १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे, १९९९ चा मकोका आहे, खून व दरोड्याची कलमे तर आहेतच. सरकार म्हणते की ते पुरे पडत नाहीत, आणि छत्तीसगड, तेलंगण, आंध्र, ओडिशा यांनीही असे कायदे केले आहेत. ठीक, मग छत्तीसगडचा अनुभवही पाहू. तेथे २००५ साली असाच जनसुरक्षा कायदा झाला. मे २००७ मध्ये डॉ. बिनायक सेन या बालरोगतज्ज्ञांस अटक झाली व डिसेंबर २०१० मध्ये रायपूरच्या न्यायालयाने त्यांस राजद्रोहाबद्दल जन्मठेप सांगितली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस जामीन दिला, तेव्हा नक्षली वाङ्मय घरात सापडल्याने कोणी नक्षलवादी होत नाही, गांधींचे आत्मचरित्र घरात असल्याने कोणी गांधीवादी होत नाही, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले. चोर सोडून संन्याशास फाशी देण्याने चोर कमी होत नाहीत. उलट जंगलातील माणसास ‘तुमच्या कायद्याने न्याय मिळत नाही’ असे सांगणाऱ्याच्या हाती आपण आयते प्रमाण देतो.

मुख्यमंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले आहे की, सरकारविरुद्ध बोलणारावर या कायद्याचा दुरुपयोग होणार नाही. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु न्यायालय कायद्याचा मजकूर वाचते. मंत्र्याचे भाषण त्याच्याबरोबर प्रत्येक पोलीस ठाण्यात पोहोचत नाही. शिवाय मंत्री बदलतात, पक्ष बदलतात, कायदा तेथेच राहतो. आज जे सत्तेवर आहेत त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वसूरींनी १९७५ साली तुरुंग भोगला. उद्या ते विरोधी बाकांवर असतील तेव्हा हेच शस्त्र त्यांच्यावर चालणार नाही याची हमी कोण देणार? आश्वासन प्रामाणिक असेल तर ते कायद्याच्या कलमात लिहिण्यास अडचण कोणती? म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो.

येथवर सरकारचे माप काढले. आता आपलेही काढले पाहिजे, एरवी आमचे लिहिणे एकांगी होईल. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असताही, ‘केसरी’ने छापली नाही. ज्या पत्राच्या संपादकाने लेखणीसाठी मंडाले भोगले, त्याच पत्राला आपल्याच देशबांधवांच्या तोंडावरील कुलूप दिसले नाही! त्या राष्ट्रीय परंपरेचा अभिमान बाळगणारे आम्ही हे लाजेने लिहितो. पुढे याच गृहस्थांच्या हातून घटनेचा मसुदा तयार झाला, तिच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आले, आणि १९५४ साली, आमचे गोरेगाव त्या वेळी ज्या भंडारा जिल्ह्यात होते, त्या भंडाऱ्याच्या मतदारसंघातून पोटनिवडणुकीस उभे राहिले असता ते पराभूत झाले. मत कोणास द्यावे हा मतदाराचा हक्क. परंतु त्यांनी दिलेल्या शब्दाचा मान राखणे हे तरी आपल्या हाती आहे. मनुष्यास बोलू देणे म्हणजे त्यास मनुष्य मानणे. ज्याचे गाऱ्हाणे ऐकावयाचेच नाही त्यास आपण गुराढोरांच्या पंक्तीस बसवितो, मग त्यास धान्य व घर फुकट दिले तरी त्याची प्रतिष्ठा राहत नाही.

आणि हे तोंड बंद करण्याचे काम सरकारच करते असेही नाही. जातपंचायतीविरुद्ध बोलणारे कुटुंब वाळीत टाकणे, नगरपंचायतीच्या सभेत हिशेब विचारणाऱ्यास ओरडून खाली बसविणे, नावडते मत लिहिणाऱ्याच्या दुकानावर बहिष्कार घालणे, या आमच्याच सवयी आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली खास कायदा करावा लागला, यावरूनच रोग किती मुरला होता हे दिसते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? शेजाऱ्याचे विरुद्ध मत ज्या गावास सोसत नाही, त्या गावाने निवडून दिलेले प्रतिनिधी टीका सोसणारा कायदा कोठून करणार?

तेव्हा आमची मागणी थोडक्यात सांगतो. व्याख्येतील ‘कल असणे’ व केवळ ‘अवज्ञेस उत्तेजन’ ही पदे काढून टाकावीत, आणि गुन्हा हिंसा व हिंसेची प्रत्यक्ष चिथावणी एवढ्यापुरताच ठेवावा. शांततेचे धरणे, मोर्चा, संप आणि वृत्तपत्रातील टीका यांस हा कायदा लागू नाही असे कलमातच नमूद करावे. किती संघटनांवर व किती माणसांवर तो वापरला याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा, आणि ठरावीक मुदतीनंतर सभागृहाने पुन्हा संमत केला नाही तर तो आपोआप संपावा. यात नक्षलवाद्यास अभय मिळेल असे एक अक्षरही नाही.

वाचकांकडे आमचे मागणे याहूनही लहान आहे. विधेयकाचा मजकूर मिळवून एकदा स्वतः वाचा. वकील मंडळींनी तो आपल्या बाररूममध्ये वाचून दाखवावा, व्यापाऱ्यांनी आपल्या संघाच्या बैठकीत त्यावर अर्धा तास घालवावा, आणि पटेल ते आपल्या आमदारास सहीनिशी लिहून कळवावे. बिननावाच्या शंभर कुजबुजींपेक्षा नाव घालून केलेली एक तक्रार अधिक मोलाची असते. धानाचे माप १७ वर नेमके ठेवा असे म्हणणारा मनुष्य सरकारचा शत्रू ठरत नाही. तो चोख व्यवहाराचा मित्र असतो. कायद्याचे शब्द नेमके ठेवा असे म्हणणाऱ्यासही त्याच न्यायाने पाहिले जावे.